सिनेमातली गाडी आणि रस्त्यावरची गाडी: मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर. धडकलेली, पाण्यात बुडालेली, जळालेली गाडी बघायची, फोटो काढायचे, नुकसानीचा अंदाज लिहायचा आणि गॅरेजवाल्याशी डेंटिंग-पेंटिंगच्या मजुरीवरून वाद घालायचा, हे माझं काम. कुलाब्यापासून ठाण्यापर्यंत चोवीस वर्षं हेच चाललंय. लग्नात पंगतीला बसल्यावर कोणी माझी ओळख करून दिली की जिलबी येईपर्यंत विषय सिनेमावर पोचलेला असतो. "काका, तुम्ही तर रोज बघता. खरंच असं होतं का हो?" प्रश्न तेच तेच, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. भाचा म्हणाला, जरा क्रमवारी लाव. लावली नाही. लोक ज्या क्रमाने विचारतात त्याच क्रमाने ठेवलेत.

घाटातून गाडी दरीत कोसळली की फुटते ना?

फुटत नाही, चेपते. सिनेमात तर ती खाली आपटायच्या आधीच, हवेत असतानाच फुटते. घाईलाही काही मर्यादा असते.

पातळ पेट्रोल मुळात जळतच नाही, जळते ती त्याची वाफ. तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली असेल तरच, साधारण दीड ते साडेसात टक्के. त्याहून कमी असली तर पेटत नाही, आणि जास्त असली तरीही पेटत नाही. बंद टाकीत पेट्रोलच्या वर जी वाफ कोंडलेली असते ती या मर्यादेच्या बरीच वर असते. जुने मेकॅनिक म्हणतात तसं, मिक्श्चर फार रिच. तिथे ठिणगी पडली तरी तिला जाळायला हवा नसते.

हवा किती लागते तेही बघा. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे एका लिटर पेट्रोलला साधारण ९ हजार लिटर हवा. आपल्या बिल्डिंगांच्या गच्चीवर हजार लिटरच्या काळ्या टाक्या असतात ना, तशा नऊ टाक्या भरून. चाळीस लिटरची टाकी एका दणक्यात उडवायची तर तशा ३६० टाक्या हवा एका क्षणात पेट्रोलमध्ये कालवावी लागेल. दरीत ती कालवायला कोण बसलंय?

अपघातात गाडी पेटतच नाही असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. पेट्रोलचा पाइप फाटतो, तापलेल्या एक्झॉस्टवर थेंब पडतात, बॅटरीची वायर पत्र्याला टेकून शॉर्ट होते, आणि आग लागते. पण ती बहुतेक वेळा बॉनेटखाली सुरू होते. आधी वास, मग धूर, मग ज्वाला, मग डॅशबोर्डमागून केबिनमध्ये. याला मिनिटं लागतात. मधेच मोठे आवाज येतात, ते टायरचे, डिकी वर धरणाऱ्या गॅसच्या दांड्यांचे, न उघडलेल्या एअरबॅगचे. बघणारे सांगतात, "चार स्फोट झाले." चार टायर फुटलेले असतात.

घोडबंदर रोडला एक जुनी सेडान बघायला गेलो होतो. अग्निशमन दलाची गाडी वेळेत पोचली म्हणून मागचा भाग वाचला होता. पुढची अलॉय व्हील्स वितळून डांबरावर ओघळली होती आणि तिथेच गोठली होती, देवापुढच्या मेणबत्तीसारखी. ॲल्युमिनियम वितळायला ६६० अंश सेल्सियस लागतात, त्यावरून पुढे काय भट्टी पेटली असेल ते ओळखा. पुढच्या सीटांच्या नुसत्या स्प्रिंगा राहिल्या होत्या. चॅसिस नंबर वायर ब्रशने घासून वाचावा लागला. मागे जाऊन टाकीचं झाकण उघडलं तर आतून पेट्रोलचा ताजा वास आला. गाडी हलवली तर आत चुबुक चुबुक. एवढी आग होऊन टाकी जागच्या जागी, निम्मी भरलेली.

मग पडद्यावर एवढा मोठा भडका उडतो कसा?

ते ब्लास्टवाल्यांचं कसब. गाडीत आणि आजूबाजूला जाड लोखंडी नळकांडी ठेवतात. तळाला थोडी काळी बंदुकीची दारू आणि वर पिशवीत पेट्रोल किंवा केरोसिन. दारू पेटली की इंधन उडून त्याचे बारीक तुषार होतात, म्हणजे ते हवेत मिसळतं. वर म्हटलं ना, दरीत कालवायला कोणी नसतं. इथे पगारी माणसं असतात. मग तो फुगत जाणारा नारिंगी गोळा तयार होतो. नारिंगी रंग अर्धवट जळलेल्या, तापून लाल झालेल्या काजळीचा, आणि ती थंड झाली की तोच काळा धूर. खऱ्या स्फोटकाचा स्फोट यापेक्षा फार रुक्ष दिसतो. क्षणभर लखलखाट, मग धुळीचा करडा ढग, आणि पापणी लवायच्या आत सगळीकडे उडालेले तुकडे. कॅमेऱ्याला त्यात काही मजा नाही.

ज्या गाडीच्या चिंधड्या उडायच्या असतात तिची तयारी आधीच झालेली असते. इंजिन-गिअरबॉक्स काढून विकलेला, ऑइल उपसलेलं, दारांच्या बिजागऱ्या कापून नावापुरत्या ठेवलेल्या, बॉनेट सैल. बहुतेक वेळा पेट्रोलची टाकीसुद्धा काढलेली असते. सिनेमाभर सगळ्यात जोरात फुटणाऱ्या गाडीत टाकीच नसावी, हे मला आजही भारी वाटतं.

इंधन किती लागतं याचा अंदाज हवा असेल तर २०१५ च्या बाँडपटासाठी मोरोक्कोच्या वाळवंटात केलेला स्फोट गिनीज बुकात आहे. ८,४१८ लिटर केरोसिन आणि ३३ किलो स्फोटक पावडर. आपल्याकडे असल्या कामाला १८८४ च्या स्फोटकांच्या कायद्यापासूनची सगळी बंधनं लागू होतात, आणि स्फोटकांचं परवान्याचं खातं, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, तिचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. आता खूपसे भडके अंधेरीतल्या एसी ऑफिसात कॉम्प्युटरवर लागतात. ते ओळखायचे कसे? आग पेटलेली असते, पण शेजारच्या गाडीच्या पत्र्यावर तिचा उजेड पडलेला नसतो.

त्याआधीच्या काळात खेळण्याएवढ्या गाड्या खोट्या डोंगरावरून ढकलायचे. आपल्या सिनेसृष्टीत बाबूभाई मिस्त्रींसारखे ट्रिक फोटोग्राफीचे उस्ताद होऊन गेले, त्यांनी काळ्या दोऱ्यावर काय काय नाचवलं! पण आग आणि पाणी छोट्या मापात येत नाहीत. गाडी सोळापट लहान केली तर कॅमेरा चौपट वेगाने चालवून पडण्याचा वेग बरोबर दिसतो, ज्वाळेची जीभ मात्र खऱ्या मापाचीच राहते. म्हणून जुन्या सिनेमात ती गाडी काडेपेटीसारखी दिसते.

टाकीवर गोळी झाडली तर?

भोक पडतं. भोकातून पेट्रोल गळतं. संपलं. मिथबस्टर्स म्हणून अमेरिकेतला टीव्ही कार्यक्रम आहे, लोकांच्या समजुती प्रयोग करून तपासणारा. त्यांनी हे करून बघितलं. साध्या गोळ्यांनी काही झालं नाही, जळत जाणाऱ्या ट्रेसर गोळीने लांबून आग लावता आली. व्हिलनच्या माणसांकडे ट्रेसर असतात असं गृहीत धरलं तरी नेम कुठे असतो त्यांचा.

आणि सांडलेल्या पेट्रोलवर हिरोने सिगारेट फेकली तर?

तीही बहुतेक विझते. अमेरिकेच्या सरकारी तपासनीसांनी पेट्रोल आणि त्याच्या वाफेवर पेटत्या सिगारेटी हजारो वेळा टाकून पाहिल्या, एकदाही आग लागली नाही. सिगारेटचा निखारा गरम असतो, पण राखेखाली दबलेला असतो आणि पेट्रोलच्या वाफेला लागते ती ज्वाला किंवा ठिणगी.

हे वाचून कोणी पंपावर सिगारेट काढली तर त्याचा क्लेम माझ्याकडे आणू नका. सिगारेटने पेट्रोल पेटत नसेल, पण ती शिलगावायला लायटर लागतोच की. उणे ४० अंशांलाही पेट्रोलची पेट घेण्याएवढी वाफ होते. मुंबईच्या मे महिन्यात काय होत असेल बोला. डिझेल त्या मानाने थंड डोक्याचं. त्याला निदान पन्नासेक अंश तापवावं लागतं, त्याशिवाय पेट घेण्याइतकी वाफ सुटत नाही. म्हणून सिनेमातला ट्रक फुटला की मला दुप्पट हसू येतं.

पण बातम्यांमध्ये खरोखर फुटलेल्या गाड्या दाखवतात त्या?

इथे दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

एक, या समजुतीला कधीकाळी थोडा आधार होता. अमेरिकेत १९७० च्या दशकात फोर्डची पिंटो नावाची छोटी गाडी होती. तिची टाकी मागच्या बंपरलगत, मागून कोणी ठोकलं की फाटायची आणि आग लागायची. १९७८ मध्ये सुमारे १५ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. आजच्या बहुतेक गाड्यांत टाकी मागच्या चाकांच्या पुढे, मागच्या सीटखाली असते, म्हणजे गाडीच्या सगळ्यात सुरक्षित जागी. धडक झाली की पेट्रोलचा पंपही आपोआप बंद पडतो.

दुसरी गोष्ट मला फार आवडते. १९९२ मध्ये एनबीसी या अमेरिकन वाहिनीने जनरल मोटर्सच्या पिकअप ट्रकची टाकी कशी धोकादायक आहे हे दाखवायला ट्रकला बाजूने धडक दिली आणि तो पेटलेला दाखवला. पुढे उघड झालं की कॅमेऱ्यासमोर आग लागायलाच हवी म्हणून ट्रकखाली खेळण्यातल्या रॉकेटची इंजिनं बांधून पेटवली होती. फेब्रुवारी १९९३ मध्ये वाहिनीने प्रेक्षकांची जाहीर माफी मागितली. म्हणजे धोकादायक म्हणून गाजलेल्या ट्रकला भर धडकेत पेटवायची खात्री बातमीवाल्यांनाही नव्हती.

टँकरचं गणित वेगळं. तिथे हजारो लिटर माल एका दमात रस्त्यावर येतो. १३ जून २०२३ ला मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर कुणे पुलावर रसायनाचा टँकर उलटून पेटला, चार जणांचा जीव गेला, आणि जळतं रसायन पुलाखालच्या रस्त्यापर्यंत पोचलं. टँकर उलटलेला दिसला तर थांबून व्हिडिओ काढू नका. मागे फिरा.

आमची गाडी सीएनजीची आहे. डिकीत बॉम्ब घेऊनच फिरतो ना आम्ही?

मुंबईत हा प्रश्न एक नंबर. काळी-पिवळी टॅक्सी, रिक्षा, ओला-उबर, सगळं सीएनजीवर. सिलिंडरमध्ये गॅस २०० बारच्या दाबाने भरतात. तुमच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो, म्हणजे जवळजवळ शंभरपट. भीती वाटणं बरोबर आहे.

पण सिलिंडर त्या दाबासाठीच बनवलेला असतो. जाड पोलाद, आणि तोंडाशी व्हॉल्व्हवर तापमान वाढलं की वितळून गॅस बाहेर सोडणारा प्लग. आगीत सापडला तर तो फुटण्याऐवजी फुस्स करून रिकामा व्हावा अशी योजना. बाहेर पडलेला गॅस हवेपेक्षा हलका, वर निघून जातो. उलट स्वयंपाकाचा एलपीजी जड, तो खाली साचून राहतो. म्हणून घरगुती सिलिंडरमधून व्हॅनमध्ये चोरून गॅस भरणारे लोक दिसले की माझ्या पोटात गोळा येतो. सिनेमाच्या जवळ जाणारं खरोखरचं काही असेल तर ते हे.

सीएनजी सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्टिंग, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, करावी लागते. त्याची तारीख असलेली पट्टी गाडीवर असते. कितीतरी गाड्यांमध्ये ती तारीख केव्हाच उलटून गेलेली असते आणि मालक मला विचारत असतो की दरीत पडल्यावर गाडी फुटते का. भाऊ, आधी ती पट्टी बघ. आणि नाक्यावर दोन हजार स्वस्तात किट बसवणाऱ्याने वायरिंग कुठून कापलंय तेही बघ. जळालेल्या गाड्यांमध्ये मला दरीपेक्षा ती कापाकापी कितीतरी जास्त सापडते. जादा हॉर्न, जादा दिवे, फ्यूज न लावता बॅटरीवरून थेट ओढलेली वायर.

इलेक्ट्रिक गाडी?

ती लवकर पेटत नाही, पण पेटली तर लवकर विझत नाही. बॅटरीतला एक सेल तापतो, तो शेजारच्याला तापवतो, आणि विझली म्हणून सगळे घरी गेल्यावर पुन्हा धूर निघतो. पाणी प्रचंड लागतं, धूर विषारी असतो. सिनेमावाल्यांनी अजून हे फारसं हाताळलेलं नाही. तासन्‌तास धुमसणाऱ्या गाडीपुढे हिरोने करायचं तरी काय?

हिरो स्फोटाकडे पाठ करून शांतपणे चालत येतो. ऐकूच येत नाही का त्याला?

त्यानंतर खरंच ऐकू येणार नाही. खऱ्या स्फोटात आगीच्या आधी हवेचा दाब येतो. डोळ्यांना न दिसणारी भिंतच अंगावर येते. खिडक्यांच्या काचा त्याच्या किरकोळ फटक्यानेही जातात, त्याहून जास्त असेल तर कानाचे पडदे, त्याहून जास्त असेल तर फुप्फुसं. वर उडालेला पत्रा वेगळाच. शूटिंगमध्ये हिरो लांब असतो. लांबच्या लेन्सने अंतर चेपून त्याला आगीच्या कुशीत आणून ठेवतात.

आवाजाचीही गंमत आहे. तो सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे किलोमीटरभर लांबच्या स्फोटाचा आवाज तीन सेकंदांनी पोचतो. दिवाळीत गिरगाव चौपाटीवर उभं राहून लांबचं रॉकेट बघा, फूल आधी उमलतं, आवाज मागाहून येतो. सिनेमात भडका आणि धडाम एकाच वेळी, मग कॅमेरा हेलिकॉप्टरमध्ये का असेना.

गाड्या हवेत उडतात त्या तरी खऱ्या असतात का?

असतात, आणि तिथे मी टोपी काढतो. कारण त्यात माणूस बसलेला असतो.

एकाच बाजूची चाकं चढतील असा एक तिरका लोखंडी पाइप रस्त्यावर ठेवतात. वेगात आलेली गाडी त्यावर एका अंगाने चढली की कोलांटी खाते. दुसरी पद्धत, गाडीच्या पोटात नायट्रोजनची तोफ. बटण दाबलं की आतला लोखंडी दांडा जमिनीला लाथ मारतो आणि गाडी गरगरत जाते. २००६ च्या बाँडपटासाठी ॲडम कर्ली या स्टंट ड्रायव्हरने अशी सात पूर्ण गिरक्यांची पलटी मारली, तो गिनीज विक्रम झाला. पुढे लोगन हॉलिडेने साडेआठ मारल्या. रॅम्पवरून सरळ उडी असेल तर डिकीत वजन भरतात, कारण इंजिन पुढे असल्याने गाडी हवेत नाक खाली घालते. पडद्यावर ती विमानासारखी आडवी जाते ना? डिकीत वाळूची पोती असतील.

सिनेमात एका बोलेरोला धडकून दुसरी स्कॉर्पिओ तीन मजले वर जाते, ते मात्र विसरा. धडकेत जोर पुढच्या दिशेने लागतो, वर ढकलणारं काही नसतं. रोहित शेट्टींच्या गाड्या उडाल्या की थिएटरात शिट्ट्या पडतात, मीही वाजवतो. त्यांचे वडील एम. बी. शेट्टी स्वतः फाइट मास्टर होते, तो वारसा आहे. ते भौतिकशास्त्र म्हणून कोणी बघायला जात नाही.

उडवायच्या गाड्या येतात कुठून? कुर्ल्याला सीएसटी रोडवर भंगारवाल्यांच्या रांगेत फिरून या. पूर्वी तिथे फियाटी मिळायच्या. प्रीमिअर पद्मिनी कुर्ल्यातच बनायची, म्हणजे जन्मली तिथेच तुटायला यायची बिचारी. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आता जुन्या मुंबईचा सिनेमा काढायचा तर जी मिळेल ती फियाट जपून वापरतात, फोडत नाहीत. स्टंटच्या गाडीत आतून लोखंडी पाइपांचा पिंजरा वेल्ड करतात, एअरबॅग काढून टाकतात (ऐन कोलांटीत तोंडावर फुटू नये म्हणून), पेट्रोल दोन-चार लिटरच ठेवतात. ड्रायव्हरला रेसिंगचा पट्टा, हेल्मेट, मानेला आधार.

एवढं करूनही हुकतं. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत एका शूटिंगला अशीच कार उलटवण्याच्या स्टंटमध्ये एका अनुभवी स्टंट कलाकाराचा मृत्यू झाला. गाडी रॅम्पवर चढली, उलटली, आपटली. व्हिडिओ सगळीकडे फिरला. मी एकदा पाहिला, पुन्हा पाहिला नाही. ऑस्करवाल्यांना स्टंटसाठी वेगळं पारितोषिक ठेवायची बुद्धी आत्ता झाली, २०२७ च्या सिनेमांपासून.

ब्रेक फेल! व्हिलनने रात्री ब्रेकचा पाइप कापला. मग?

मग सकाळी पार्किंगमध्ये चाकाजवळ तेलाचं थारोळं दिसेल, पहिल्याच वळणाला पेडल खोल जाईल आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लागेल. हिरॉइन घाटात पोचेपर्यंत सगळं ठणठणीत आणि नेमक्या हेअरपिनवर ब्रेक गायब, असा पाइप कापणारा कारागीर मला भेटायचाय.

आजच्या गाड्यांना ब्रेकच्या दोन स्वतंत्र लाइन असतात, साधारणपणे तिरप्या, पुढचं एका बाजूचं चाक आणि मागचं दुसऱ्या बाजूचं. एक लाइन गेली तरी दुसरी गाडी थांबवते, जरा लांबून. दोन्ही गेल्या तरी गिअर खाली आणायचा, हँडब्रेक हळूहळू ओढायचा. सिनेमात हे कोणाला सुचत नाही. सगळे दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ओरडतात. घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवून ब्रेक तापवणं, हे मात्र रोज घडतं. त्याला व्हिलन लागत नाही.

हिरो ६० च्या वेगात भिंतीला धडकतो आणि कॉलर झटकून उतरतो. शक्य आहे?

६० च्या वेगात भिंतीवर आदळणं म्हणजे १४ मीटरवरून खाली पडणं, चौथ्या-पाचव्या मजल्याच्या गॅलरीतून. १०० चा वेग असेल तर तेरावा मजला. ही कविता नव्हे, शाळेतल्या सूत्राने येतं. लालबागच्या कुठल्याही टॉवरखाली उभे राहून तेरावा मजला मोजून बघा, एक्स्प्रेस वेवर पुढच्या वेळी आठवेल.

तरी आज लोक वाचतात, कारण गाडी स्वतः चेपते. पुढचा भाग मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, केबिन कडक. भारत एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्या धडकवून त्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या आपल्या सरकारी चाचणीत, समोरची धडक ६४ किमी वेगाने देतात. एअरबॅग सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या तीन-चार पट वेळात फुगते, डोळा मिटायच्या आत. ड्रायव्हरची एअरबॅग आपल्याकडे जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. पण पट्टा नसेल तर एअरबॅग मदत कमी आणि फटका जास्त देते.

आणि मागच्या सीटवरचे? सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींच्या गाडीचा अपघात झाला. भारी गाडी, आग नाही, काही नाही. पुढचे दोघे जखमी झाले पण वाचले, मागच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, ते दोघे गेले. मुंबई वाहतूक पोलिसांनी त्यानंतर नोव्हेंबरपासून मागचा पट्टाही सक्तीचा केला. पुढचे पंधरा दिवस सगळ्यांनी लावला.

बुडत्या गाडीची काच हिरो कोपराने फोडतो.

कोपर मोडेल. पुढची काच दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पडदा असलेली, ती फुटून बाहेर निघतच नाही. बाजूची काच फुटते, पण मधोमध ठोकू नका. खालच्या कोपऱ्यात टोकदार वस्तूने. शूटिंगची काच वेगळी असते, ठिसूळ, पूर्वी साखरेची करायचे.

चेसमध्ये चौदा गाड्या फोडल्या. क्लेम कोण देतं?

माझा आवडता प्रश्न. गाडी दुरुस्तीचा खर्च तिच्या विम्यात ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस. त्या हिशोबाने चौदाच्या चौदा. पण खासगी गाडीच्या पॉलिसीत शर्यत, वेगाची चाचणी असला वापर आधीच वगळलेला असतो. म्हणजे हिरोच्या स्वतःच्या गाडीला शून्य.

भाजीवाल्याची हातगाडी? त्याने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं. थर्ड पार्टी मालमत्तेला विमा कंपनी साडेसात लाखांपर्यंत देते. कोणी मेलं किंवा जखमी झालं तर मर्यादाच नाही. चोवीस वर्षांत एकाही हातगाडीवाल्याने माझ्यासमोर दावा लावलेला नाही, गाडीमालक तिथल्या तिथे पाचशेच्या चार नोटा देऊन मोकळा होतो. आणि सिनेमातल्या हातगाडीवर नेहमी रिकामे खोकेच का असतात हे मला कोणी सांगितलेलं नाही.

समोर अपघात झाला आणि गाडीतून धूर येतोय. माणसाला लगेच बाहेर ओढायचं ना?

आधी बघायचं की धूर कशाचा आहे. म्हणून तर हे सगळं लिहायला बसलो.

ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला, विक्रोळीच्या अलीकडे, रात्री एक हॅचबॅक दुभाजकावर चढली. ड्रायव्हर तिशीतला. दोन पोरं बाइक टाकून धावत आली, चांगली पोरं. आत पांढरा धूर, पुढून फुसफुस आवाज. मागून कोणीतरी ओरडलं, "फुटेल! फुटेल!" पोरांनी दार ओढून उघडलं आणि त्या माणसाला काखेत धरून जोर लावून बाहेर खेचलं. त्याचा पाय पेडल आणि चेपलेल्या डॅशबोर्डच्या मधे अडकला होता.

दुसऱ्या दिवशी मी गाडी बघितली. बॉनेट उचकटलं तर आत जळल्याची एक खूण नाही. एकही वायर काळी नाही. फुटलेला रेडिएटर आणि खाली हिरवट कूलंटचे वाळलेले डाग. ती फुसफुस म्हणजे वाफ होती. केबिनमध्ये सीटवर, स्टिअरिंगवर, सगळीकडे पिठासारखी पांढरी पूड. ती एअरबॅगमधली. एअरबॅग फुटली की तिचा ढग उठतो आणि जळकट वासही येतो. चावी फिरवली, डॅशबोर्डचे दिवे लागले. क्लेमच्या कागदांसाठी त्या माणसाला भेटायला गेलो तेव्हा पायाला दोन ठिकाणी सळई होती. "एक धडकेत मोडला," तो म्हणाला, "दुसरा ओढताना. तो मी ऐकला."

तेव्हा: वाफ पांढरी असते, लगेच विरते, तिला गोडसर वास असतो. एअरबॅगची पूड मिनिटभरात खाली बसते. प्लास्टिक किंवा रबर जळल्याचा काळा, दाट, वाढत जाणारा धूर असेल, ज्वाला दिसत असेल, पेट्रोलचा उग्र वास येत असेल, तर ओढा, पाय मोडला तरी ओढा. तसं नसेल तर इग्निशन बंद करा, पार्किंगचे दिवे लावा, मागून येणाऱ्या गाड्यांना लांबूनच हात दाखवा, आणि त्याला आहे तसा बसू द्या. मान हलवू नका. पाणी पाजू नका. त्याच्याशी बोलत राहा. १०८ ला फोन, आग असेल तर १०१, काहीच आठवलं नाही तर ११२. बॉनेटखाली आग असेल तर बॉनेट उघडू नका. तिला तेवढी हवाच हवी असते.

पण मग पोलीस आपल्यालाच धरतात ना?

२०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यात कलम १३४अ आहे. चांगल्या भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव सांगायची सक्तीही नाही. विक्रोळीच्या त्या दोन पोरांनी नाव दिलं नव्हतं. तो माणूस अजून त्यांना शोधतोय, आभार मानायला.